परदेशात डॉक्टरकी शिकून येताय? महाराष्ट्रात नोंदणी होईपर्यंतचा रस्ता

जॉर्जिया, रशिया, कझाकस्तान, किर्गिझस्तान, फिलिपिन्स, नेपाळ, बांगलादेश, चीन. यांपैकी कुठेतरी मुलगा किंवा मुलगी वैद्यकीय शिकतेय असं घर आता लातूर-नांदेडपासून जळगाव-कोल्हापूरपर्यंत जवळजवळ प्रत्येक तालुक्यात सापडतं. पदवी हातात आली की घरचे पेढे वाटतात, गल्लीत ‘डॉक्टरसाहेब आले’ म्हणून हाक सुरू होते. कायद्याच्या नजरेत मात्र अजून डॉक्टर झालेलं नसतं. भारतात रुग्ण तपासायचा, औषध लिहून द्यायचं, तर राज्याच्या वैद्यक परिषदेत नाव नोंदलेलं असावं लागतं, आणि परदेशी पदवीवरून त्या नोंदणीपर्यंत जायला बरेच टप्पे आहेत.

मी स्वतः याच वाटेने आलोय. आता परतणाऱ्या मुलांची कागदपत्रं पाहतो, अभ्यासाचं विचारायला येतात त्यांच्याशी बोलतो. एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. परीक्षेत अडकलेली मुलं खूप आहेतच, पण कागदात अडकलेलीही तितकीच आहेत. आणि कागदाची दुरुस्ती सोपी असते ती तुम्ही तिकडे कॉलेजात असेपर्यंत. एकदा विमानात बसलात की त्याच सहीसाठी, त्याच शिक्क्यासाठी महिनोन्‌महिने मेल पाठवत बसावं लागतं. म्हणून हा लेख परतलेल्यांसाठी आहे तितकाच अजून तिसऱ्या-चौथ्या वर्षात असलेल्यांसाठी आणि जायच्या तयारीत असलेल्यांसाठीही आहे.

तीन कार्यालयं, तिघांची कामं वेगळी

आधी हे डोक्यात पक्कं बसवा, निम्मा गोंधळ इथेच संपतो. पहिलं कार्यालय दिल्लीचं राष्ट्रीय वैद्यकीय आयोग, म्हणजे एनएमसी. जुन्या मेडिकल कौन्सिल ऑफ इंडियाच्या जागी २५ सप्टेंबर २०२० पासून हा आयोग आहे. परदेशी शिक्षणाचे नियम तो ठरवतो आणि परदेशात वैद्यकीय शिकायला तुम्ही पात्र आहात हे सांगणारं पात्रता प्रमाणपत्र तो देतो. दुसरं, राष्ट्रीय परीक्षा मंडळ, एनबीईएमएस, तेही दिल्लीतच. आपल्या कामापुरतं ते एफएमजीई ही परीक्षा घेतं, म्हणजे परदेशी पदवीधरांना नोंदणीआधी द्यावी लागणारी चाळणी परीक्षा. तिसरी आपली महाराष्ट्र वैद्यक परिषद, एमएमसी, मुंबईत चिंचपोकळीला. इंटर्नशिपसाठीची तात्पुरती नोंदणी आणि नंतरची कायम नोंदणी तिच्याकडे. गोव्यातल्या मुलांसाठी गोवा मेडिकल कौन्सिल, बेळगाव-निपाणीकडच्यांसाठी कर्नाटकची परिषद.

पात्रता प्रमाणपत्र रखडलंय म्हणून मुंबईला खेटे घालण्यात अर्थ नाही आणि इंटर्नशिपची जागा मिळत नाही म्हणून परीक्षा मंडळाला मेल टाकूनही काही होत नाही.

तुम्हाला कोणते नियम लागू आहेत?

१८ नोव्हेंबर २०२१ ही तारीख लक्षात ठेवा. त्या दिवशी परदेशी वैद्यकीय पदवीधरांसाठीचे नवे नियम राजपत्रात आले. त्याआधी परदेशात प्रवेश घेतलेल्यांना जुने नियम, त्यानंतर प्रवेश घेतलेल्यांना नवे.

नव्या नियमांच्या अटी कडक आहेत आणि एजंट त्या पूर्ण सांगत नाहीत. शिक्षण किमान ५४ महिन्यांचं आणि ते सगळं एकाच संस्थेत हवं. म्हणजे दोन वर्षं एका देशात आणि उरलेली दुसऱ्या देशात असं चालत नाही. माध्यम इंग्रजी. त्याच परदेशी संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप. परतल्यावर भारतात आणखी १२ महिन्यांची इंटर्नशिप. आणि ज्या देशात शिकलात तिथल्या नागरिकांप्रमाणेच तुम्हालाही तिथे प्रॅक्टिसचा परवाना मिळण्याची पात्रता हवी. प्रवेशापासून १० वर्षांत शिक्षण आणि प्रशिक्षण पुरं झालं पाहिजे.

यातल्या दोन अटींवर मुलं सर्वांत जास्त अडखळतात. पहिली इंटर्नशिपची. काही देशांत सहा वर्षांच्या अभ्यासक्रमातच वॉर्डमधलं काम धरलेलं असतं, पदवीनंतरचं वेगळं वर्ष नसतंच. तिथे विद्यापीठाकडून महिनेवार, विभागवार लेखी घ्या: कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, कोणत्या रुग्णालयात, कोणत्या विभागात. नुसतं ‘प्रशिक्षण पूर्ण केले’ असं एका ओळीचं पत्र पुरत नाही. दुसरी परवान्याची. ‘आमची पदवी जगभर चालते’ असं माहितीपत्रकात छापलेलं असतं, पण त्या देशात परदेशी विद्यार्थ्याला परवाना-परीक्षेला बसू देतात का, हा प्रश्न वेगळा आहे. प्रवेशाचे पैसे भरण्याआधी तो विचारा आणि उत्तर विद्यापीठाच्या लेटरहेडवर मागा. फोनवरच्या उत्तराला काडीची किंमत नाही.

कोविड किंवा युक्रेनच्या युद्धामुळे ज्यांचं काही शिक्षण ऑनलाइन झालं त्यांच्यासाठी आयोगाने वेगळी परिपत्रकं काढली आहेत. जुलै २०२२ च्या परिपत्रकाने, ३० जून २०२२ पर्यंत पदवी पुरी झालेल्या शेवटच्या वर्षाच्या मुलांना परीक्षेला बसू दिलं, पण भारतात एकाऐवजी २ वर्षांची इंटर्नशिप लावली. तुम्ही या गटात असाल तर आयोगाच्या संकेतस्थळावरची पुढची सगळी परिपत्रकं तारखेनुसार उतरवून घ्या आणि आपल्या तुकडीला कोणतं लागू होतं ते स्वतः वाचून ठरवा. व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरणारा सारांश इथे धोक्याचा.

पात्रता प्रमाणपत्र

१५ मार्च २००२ नंतर परदेशी प्रवेश घेतलेल्या प्रत्येकाला हे लागतं. बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय, खुल्या गटात किमान ५० टक्के, राखीव गटात ४०. शिवाय मे २०१८ पासून परदेशी जाणाऱ्यांनाही ‘नीट’ या प्रवेश परीक्षेत पात्र असणं सक्तीचं आहे. तो निकाल ३ वर्षं ग्राह्य धरतात. म्हणजे नीट पात्र नसताना ‘आधी जा, नीटचं नंतर बघू’ म्हणणारा माणूस तुमच्या मुलाचं आयुष्य पणाला लावतोय, हे आईवडिलांनी ओळखावं.

अर्ज ऑनलाइन आहे. जाण्याआधी केलात तर उत्तम. परतल्यावर केलात तर परीक्षेच्या फॉर्मची मुदत डोक्यावर आणि प्रमाणपत्राचा पत्ता नाही, अशी तारांबळ उडते.

नाव: सगळ्यात मोठी अडचण

या भागाला मी मुद्दाम जास्त जागा देतोय, कारण महाराष्ट्रातल्या मुलांना हा त्रास इतरांपेक्षा जास्त होतो.

आपल्याकडे दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येतं: समजा ‘पाटील ऋतुजा संजय’. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा आणि ‘ऋतुजा संजय’ हे नावाच्या रकान्यात. आधारवर ‘ऋतुजा संजय पाटील’. परदेशी विद्यापीठ पासपोर्ट पाहून नाव घेतं, पण कुठे वडिलांचं नाव गाळतं, कुठे ‘संजय’ला आडनाव समजतं. रशियन लिपी वापरणाऱ्या देशांत अजून एक भानगड. त्या लिपीत ‘ज’ला एक अक्षर नाही, तो ‘द’ आणि ‘झ’ मिळून लिहितात. मग पदविकेचं (तिकडे पदवीच्या प्रमाणपत्राला डिप्लोमा म्हणतात) इंग्रजी भाषांतर करणारा मूळ पासपोर्ट न पाहता रशियनवरून इंग्रजी करतो आणि ‘ऋतुजा’च्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये ‘जे’च्या जागी ‘डी-झेड-एच’ येऊन बसतं. ‘संजय’चंही तेच. आता दिल्लीतल्या कारकुनासमोर चार कागद आहेत आणि चारांवर चार नावं.

यावर उपाय आहेत, पण ते वेळेत करायचे. तिसऱ्या वर्षापर्यंत विद्यापीठाच्या नोंदीत आपलं नाव इंग्रजीत कसं आहे ते डीनच्या कार्यालयात जाऊन पाहून या. पदविका छापण्याआधी तिथे एक मसुदा दाखवतात, तो पासपोर्ट शेजारी ठेवून अक्षर न्‌ अक्षर तपासा. भाषांतर करणाऱ्याला पासपोर्टची प्रत द्या आणि ‘नाव यावरून घ्या’ असं स्पष्ट सांगा. फरक राहिलाच तर विद्यापीठाकडून ‘ही दोन्ही नावं एकाच विद्यार्थ्याची’ असं पत्र घ्या. भारतात याच अर्थाचं प्रतिज्ञापत्र नोटरीकडून करता येतं, आणि फरक मोठा असेल तर राजपत्रात नाव प्रसिद्ध करावं लागतं. पण विद्यापीठाच्या पत्राला जे वजन आहे ते नंतरच्या प्रतिज्ञापत्राला नसतं.

मुलींना कळकळीने सांगतो: मधल्या काळात लग्न झालं तर कायम नोंदणी हाती येईपर्यंत पासपोर्ट आणि आधारवरचं नाव बदलू नका. सासरच्यांना समजावून सांगा. आपल्याकडे लग्नानंतर आडनावाबरोबर मधलं नावही बदलतं, म्हणजे तीनपैकी दोन शब्द बदलले, आणि सहा वर्षांचे सगळे कागद एका दिवसात दुसऱ्याच बाईचे होऊन बसतात. नोंदणी झाल्यावर एमएमसीकडे नाव बदलण्याचा सरळ अर्ज करता येतो.

तिथून निघण्याआधी बॅगेत काय हवं

पदविका, सर्व वर्षांचे विषयवार गुण आणि तास दाखवणारी ट्रान्सक्रिप्ट, इंटर्नशिपचा तपशील, माध्यम इंग्रजी असल्याचं पत्र, परवान्याच्या पात्रतेचं पत्र. इंग्रजीत नसलेल्या प्रत्येक कागदाचं अधिकृत भाषांतर.

पदविकेवर अपोस्टिल, म्हणजे कागद दुसऱ्या देशात खरा मानला जावा यासाठीचा त्या देशाच्या सरकारचा शिक्का, किंवा तिथल्या भारतीय दूतावासाचं साक्षांकन लागतं. रशिया, जॉर्जिया, कझाकस्तान, किर्गिझस्तान आणि फिलिपिन्स अपोस्टिलच्या हेग करारात आहेत, तिथे अपोस्टिल मिळतं. चीनही नोव्हेंबर २०२३ पासून त्यात आला, पण त्याचं अपोस्टिल भारतात चालतं का हे आधी भारतीय दूतावासात विचारून घ्या. नेपाळ त्या करारात नाही, तिथे दूतावासाचा मार्ग. ट्रान्सक्रिप्टवरही हाच शिक्का मारून घ्या, नंतर हटकून मागतात.

पासपोर्ट जपा. जुना संपून नवा काढलात तरी जुना फेकू नका, कारण त्यातले येण्या-जाण्याचे शिक्के हाच तुम्ही खरोखर तिथे राहून शिकलात याचा पुरावा. कोविडनंतर परिषदा हे शिक्के बारकाईने पाहतात. त्यामागे आणखी एक कारण आहे. डिसेंबर २०२२ मध्ये सीबीआयने ७३ परदेशी पदवीधरांवर आणि १४ राज्यांच्या वैद्यक परिषदांवर गुन्हा नोंदवला. आरोप असा की एफएमजीई उत्तीर्ण न होताच या पदवीधरांची नोंदणी झाली. तेव्हापासून प्रत्येक कागद मूळ संस्थेकडून पडताळून घेतला जातो आणि त्याला वेळ लागतो. खऱ्या पदवीधरांना त्याचा त्रास होतो हे मान्य, पण रुग्णाच्या बाजूने पाहिलं तर ही पडताळणी हवीच.

परीक्षेचा फॉर्म

परीक्षेचं नाव एफएमजीई, मुलं तिला ‘स्क्रीनिंग’ म्हणतात. २००२ पासून ती वर्षातून दोनदा होते, जून आणि डिसेंबर सत्र. प्रत्यक्ष तारीख पुढच्या महिन्यात सरकते: डिसेंबर २०२४ चं सत्र १२ जानेवारी २०२५ ला झालं. जून सत्रासाठी पदवीचा निकाल ३० एप्रिलपर्यंत लागलेला हवा, डिसेंबर सत्रासाठी ३१ ऑक्टोबरपर्यंत. भारतीय नागरिक किंवा ओसीआय (भारतीय वंशाचे परदेशी नागरिक) कार्डधारक बसू शकतात. प्रयत्नांना मर्यादा नाही.

आता हे तुमच्या वेळापत्रकात बसवा. रशियातली पदविका साधारण जून-जुलैत मिळते. म्हणजे त्याच वर्षाचं जून सत्र हुकलं, पहिली संधी डिसेंबर सत्राची. तुम्ही जुलैत परतलात तर अभ्यासाला पाच-सहा महिने मिळतात. निकाल, पडताळणी, इंटर्नशिपची नेमणूक धरली तर इंटर्नशिप सुरू व्हायला परतल्यापासून वर्ष जातं आणि ती संपायला आणखी एक. पहिल्या प्रयत्नात उत्तीर्ण झालात तरी दोन वर्षं. कर्ज काढून मुलांना पाठवणाऱ्या घरांनी हप्त्यांचा हिशेब या दोन वर्षांसह मांडावा, पदवीच्या तारखेवर थांबू नये.

फॉर्म भरताना पदवी-निकालाची तारीख, विद्यापीठाचं नाव, पासपोर्टवरचं नाव जसंच्या तसं लिहा. कागदात काही कमी असेल तर मंडळ कळवतं आणि ठरलेल्या तारखेपर्यंत पूर्तता करायला सांगतं. ती तारीख गेली की प्रवेशपत्र मिळत नाही आणि पुढचं सत्र सहा महिन्यांनी. म्हणून फॉर्ममध्ये रोज बघाल असाच ईमेल द्या. सायबर कॅफेवाल्याचा किंवा एजंटचा मेल देऊ नका.

अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड या पाच देशांत पदवी आणि पदव्युत्तर दोन्ही शिक्षण घेतलेल्यांना, ती पात्रता तिथे मान्य असेल तर, या परीक्षेतून सूट आहे. बाकी सगळ्यांना ती द्यावीच लागते.

पेपर कसा असतो

३०० प्रश्न, प्रत्येकी १ गुण, चार पर्याय. १५०-१५० चे दोन भाग, प्रत्येक भागाला १५० मिनिटं, मध्ये विश्रांती. अलीकडे भागांचे वेळ ठरलेले गट केलेत, एका गटाची वेळ संपली की मागे जाता येत नाही. ‘शेवटी येऊन बघतो’ म्हणून खूण करून ठेवायची सवय असेल तर ती सराव परीक्षेतच मोडा. उत्तीर्ण व्हायला १५० गुण. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही.

ऐकायला सोपं वाटतं. निकाल मात्र वेगळं सांगतात. बहुतेक सत्रांत १० ते ३० टक्क्यांच्या दरम्यान मुलं उत्तीर्ण होतात. चीनमधून शिकून आलेल्यांचे २०१५ ते २०२१ चे आकडे बीजिंगमधल्या भारतीय दूतावासानेच प्रसिद्ध केले होते: ४०,४१७ जण बसले, ६,३८७ उत्तीर्ण झाले.

विषयवार गुण ठरलेले आहेत. मेडिसिन ३३, सर्जरी ३२, स्त्रीरोग-प्रसूती ३०, कम्युनिटी मेडिसिन ३०. या चार विषयांतच १२५ झाले. बालरोग, डोळे आणि कान-नाक-घसा प्रत्येकी १५, म्हणजे एकूण १७०. अॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्री प्रत्येकी १७. पॅथॉलॉजी, मायक्रोबायॉलॉजी, फार्माकॉलॉजी प्रत्येकी १३. न्यायवैद्यक १०. मानसोपचार, त्वचारोग, भूल, अस्थिरोग, क्ष-किरण आणि रेडिओथेरपी प्रत्येकी ५.

हे वाचून काही मुलं सुरुवातीच्या वर्षांचे विषय सोडून देतात. मला ते पटत नाही. पॅथॉलॉजी-मायक्रो-फार्मा हे ३९ गुण पक्के केले की मेडिसिनचे प्रश्न आपोआप उलगडायला लागतात. सोडायचंच असेल तर बायोकेमिस्ट्रीतल्या लांबलचक साखळ्या सोडा. आणि लक्ष्य १५० चं ठेवू नका. सराव परीक्षांत सातत्याने १८०-१९० येऊ लागले तरच खरं निश्चिंत व्हा. परीक्षेच्या दिवशी पंधरा-वीस गुण हमखास इकडेतिकडे होतात.

आपल्या मातीतले आजार

अभ्यास करूनही मुलं का घसरतात, याचं माझ्या मते खरं कारण इथे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने किर्गिझस्तानला २०१६ मध्ये आणि जॉर्जियाला २०२५ मध्ये मलेरियामुक्त जाहीर केलं. तिथल्या वॉर्डात सहा वर्षं फिरूनही मलेरियाचा रुग्ण दिसणार नाही. आणि इथे परीक्षेत व्हायव्हॅक्स मलेरियाला प्रायमाक्वीन किती दिवस, गरोदर बाईला ते का द्यायचं नाही, हे विचारतात. गडचिरोलीत इंटर्नशिप मिळाली तर ते दुसऱ्याच दिवशी प्रत्यक्ष लागतं.

सर्पदंशाचं तसंच. आपलं प्रतिविष चार सापांवर चालतं: नाग, मण्यार, घोणस, फुरसं. कोणत्या दंशाने पापण्या जड होतात, कोणत्याने रक्त गोठेनासं होतं, हे सहा वर्षांत एकदाही न पाहिलेल्या मुलाला पुस्तकातूनच पक्कं करावं लागतं. कोकणातल्या लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिनचा उपयोग महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी दाखवून दिला. आपल्या राज्यातलं हे संशोधन परदेशी कॉलेजात कुणी शिकवत नाही. पिकावरच्या फवारणीच्या औषधाची विषबाधा आणि अॅट्रोपिन, पावसाळ्यातलं लेप्टो, विदर्भ-नंदुरबारकडचा सिकलसेल, या सगळ्याची एक वेगळी वही करा.

कम्युनिटी मेडिसिनचे ३० गुण बहुतांश भारताचेच असतात. प्राथमिक आरोग्य केंद्र मैदानी भागात ३०,००० लोकसंख्येला, डोंगरी-आदिवासी भागात २०,००० ला. उपकेंद्र ५,००० आणि ३,००० ला. पेंटाव्हॅलंट लस ६, १०, १४ आठवड्यांना. क्षयरोगात पहिले २ महिने चार औषधं, पुढचे ४ महिने तीन, आणि रुग्णाची नोंद निक्षय या सरकारी पोर्टलवर सक्तीची. हे परदेशी पुस्तकात मिळत नाही, आणि एकदा पाठ झालं की सर्वांत खात्रीचे गुणही हेच.

सुट्टीत गावी आलात तर जवळच्या ग्रामीण रुग्णालयात वैद्यकीय अधिकाऱ्यांची परवानगी घेऊन बाह्यरुग्ण विभागात उभे राहा. लसीकरणाच्या दिवशी आशाताईंबरोबर बसा. दोन आठवड्यांत जे डोळ्यासमोर राहतं ते क्लासच्या व्हिडिओत राहत नाही. दिल्लीत गौतमनगरला खोली घेऊन राहण्यात गैर काही नाही, तिथे अभ्यासाचं वातावरण आहे. पण वर्षानुवर्षं तिथे क्लास बदलत बसलेली मुलंही मी पाहतो. क्लास एकच धरा, प्रश्न सोडवण्याला वेळ द्या, आणि एका सत्रात ठराविक विषयांत कमी पडलात तर पुढच्या सत्राची सुरुवात त्याच विषयांपासून करा.

निकालानंतर: एमएमसी आणि इंटर्नशिप

उत्तीर्ण झाल्यावर ओळख आणि मूळ कागद तपासूनच मंडळ प्रमाणपत्र देतं. ते हाती आलं की एमएमसीच्या संकेतस्थळावर तात्पुरत्या नोंदणीचा अर्ज. पात्रता प्रमाणपत्र, स्क्रीनिंगचं प्रमाणपत्र, अपोस्टिल केलेली पदविका आणि ट्रान्सक्रिप्ट, परदेशी इंटर्नशिपचा तपशील, पासपोर्टची सगळी पानं, दहावी-बारावी, नीटचा निकाल. अर्जाचा क्रमांक जपून ठेवा. त्रुटी काढली तर उत्तर त्याच अर्जावर द्या, नवा अर्ज करू नका, नाहीतर रांगेत मागे जाता.

इंटर्नशिपसाठी कॉलेजांनी त्यांच्या एकूण मान्य जागांच्या ७.५ टक्क्यांपर्यंत जादा जागा परदेशी पदवीधरांना द्याव्यात असं आयोगाने २०२२ मध्ये ठरवलं. २०० जागांच्या कॉलेजात १५, शंभरच्या कॉलेजात सात. म्हणून वाट पाहावी लागते. पुणे-मुंबईच हवं असा हट्ट धरू नका. लहान शहरातल्या सरकारी कॉलेजात हाताला काम जास्त मिळतं आणि परदेशात रुग्णाला हात लावायची संधी कमी मिळालेल्यांना नेमकं तेच हवं असतं. इंटर्नशिपसाठी रुग्णालयाने पैसे घ्यायचे नाहीत, हेही त्याच परिपत्रकात आहे. कुणी मागितले तर पावती मागा आणि परिषदेला लेखी कळवा.

बारा महिन्यांत कम्युनिटी मेडिसिन १२ आठवडे, स्त्रीरोग-प्रसूती ७, मेडिसिन ६, सर्जरी ६, बाकी लहान विभाग. लॉगबुकवर त्या त्या आठवड्यातच सही घ्या. विभागप्रमुख बदलून गेले की जुन्या सह्या मिळत नाहीत.

मधल्या काळात नोकरी?

नाही. परीक्षा झाली नाही किंवा नोंदणी झाली नाही, तोवर खाजगी रुग्णालयात ‘आरएमओ’, म्हणजे निवासी डॉक्टर, म्हणून रात्रपाळी करणं कायद्याने गुन्हा आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याच्या कलम ३४ मध्ये १ वर्षापर्यंत कैद, ५ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. घरचा आर्थिक ताण मला कळतो. पण काही हजारांसाठी आयुष्यभराची नोंदणी धोक्यात घालू नका, आणि त्या खाटेवरच्या रुग्णाला तो कुणाच्या हाती आहे हे कळण्याचा हक्क आहे. शिकवण्या, वैद्यकीय लेखन, आरोग्यविम्याच्या कंपन्यांतलं कागदपत्रांचं काम अशा वाटा आहेत.

नेक्स्टचं काय?

२०१९ च्या कायद्यात देशात आणि परदेशात शिकलेल्या सर्वांसाठी एकच ‘नेक्स्ट’ परीक्षा सांगितली आहे. तिचे नियम जून २०२३ मध्ये आले आणि पुढच्याच महिन्यात स्थगित झाले. ती लागू होईपर्यंत स्क्रीनिंगच आहे. ‘नेक्स्ट येणार आहे, आता स्क्रीनिंग देऊ नको’ असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, समोर असलेलं सत्र द्या.

कायम नोंदणी आणि दारावरची पाटी

इंटर्नशिप पुरी झाल्याचं प्रमाणपत्र कॉलेजकडून मिळालं की एमएमसीकडे कायम नोंदणीचा अर्ज. पुढे पदव्युत्तर शिक्षण घ्यायचं असेल तर नीट-पीजीच्या माहितीपुस्तिकेत इंटर्नशिप संपण्याची शेवटची तारीख दिलेली असते. तुमची इंटर्नशिप त्या तारखेच्या आत संपते का, हे रुजू होतानाच पाहून ठेवा.

अनेक देशांत पहिल्या वैद्यकीय पदवीलाच ‘एमडी’ म्हणतात. भारतात ती एमबीबीएसच्या दर्जाची धरतात. पाटीवर, लेटरहेडवर किंवा प्रिस्क्रिप्शनवर नुसतं ‘एमडी’ लिहिलंत तर रुग्णाला तुम्ही तज्ज्ञ आहात असं वाटतं, आणि परिषद त्यावर कारवाई करू शकते. नोंदणी प्रमाणपत्रावर पदवी जशी लिहिली आहे तशीच लिहा आणि नोंदणी क्रमांक प्रत्येक प्रिस्क्रिप्शनवर टाका.

एमएमसीची नोंदणी दर ५ वर्षांनी नूतनीकरण करावी लागते, त्यासाठी ३० क्रेडिट पॉइंट लागतात. ते मान्यताप्राप्त वैद्यकीय संमेलनं आणि कार्यशाळांतून मिळतात. पहिल्या वर्षापासून थोडे थोडे जमवत चला आणि पत्ता किंवा मोबाइल बदलला की परिषदेच्या संकेतस्थळावर लगेच बदला, नूतनीकरणाची सूचना तिथेच येते.